थंडीत पहाटे गाडी सुरू होत नाही, दुपारी होते: दर हिवाळ्यात परत येणारा बिघाड कसा शोधायचा

पहाटे किल्ली फिरवली की सेल्फ जड आवाजात दोन-तीन वेळा फिरतो आणि थांबतो. दुपारी ऊन वर आलं की तीच गाडी पहिल्या झटक्यात सुरू होते. गॅरेजला नेली तर तपासून सांगतात, "गाडी ठीक आहे, काही सापडलं नाही." मग कुणी बॅटरी बदलतं, कुणी प्लग, कुणी फ्युएल फिल्टर. एवढ्यात थंडी सरते, गाडी नीट चालू लागते आणि शेवटी जे बदललं त्यालाच श्रेय मिळतं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा तोच प्रकार.

हा त्रास वर्षानुवर्षं टिकण्याचं सगळ्यांत मोठं कारण माझ्या मते एकच आहे: बिघाड पहाटेचा असतो आणि तपासणी दुपारची होते. २५ अंशांना धडधाकट दिसणारी बॅटरी शून्याखाली काय करेल, हे दुपारचा आकडा सांगत नाही. गरम इंजिनात ऑइल पातळ झालेलं असतं, तापमानाचा सेन्सर चुकीचं सांगत असला तरी ते खपून जातं, गंजलेल्या जोडणीवर भार कमी पडतो. म्हणून खाली जी मोजमापं दिली आहेत ती सगळी गाडी रात्रभर बाहेर थंडीत उभी राहिल्यानंतर, पहिला सेल्फ मारण्याआधी किंवा मारतानाच घ्यायची. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याची जागा) लावायचा स्कॅनर असेल तर काम आणखी सोपं.

आधी आवाज नीट ऐका

"सुरू होत नाही" या तीन शब्दांत चार वेगवेगळे बिघाड लपलेले असतात, आणि ते वेगळे केल्याशिवाय एकही पाना हातात घेऊ नये.

सेल्फ फिरतोय पण रेंगाळत, दर फेरीला दमतोय असं वाटत असेल तर विजेची ताकद कमी पडते आहे किंवा इंजिन फिरायला नेहमीपेक्षा जड झालं आहे. म्हणजे बॅटरी, केबल, अर्थिंग (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-बॉडीशी जोडणी) किंवा ऑइल.

नुसतं "टक-टक-टक-टक" असा भराभर आवाज येत असेल तर सेल्फचा सोलेनॉइड (त्याला वीज जोडणारा विजेचा खटका) आत ओढला जातो, व्होल्टेज कोसळतं, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ठणठणीत "टक" येऊन पुढे शांतता, आणि दिवे मात्र प्रखर, असं असेल तर संशय खुद्द सेल्फवर किंवा त्याच्या जाड केबलवर.

काहीच आवाज नाही, तरी दिवे नीट लागतात? मग आधी क्लच पूर्ण दाबलाय का, ऑटोमॅटिक गाडीत गिअर पार्कमध्ये आहे का, आणि किल्लीचा सेल मेला आहे का ते पाहा. किल्लीतला बटणाएवढा लिथियम सेलही थंडीत कमजोर पडतो, आणि बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीला मग किल्ली सापडतच नाही. बहुतेक गाड्यांमध्ये किल्ली ठराविक जागी धरली की सेलशिवायही ओळख पटते. ती जागा कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये आजच शोधून ठेवा.

चौथा प्रकार अगदी वेगळा: सेल्फ जोमात फिरतो, वेग नेहमीसारखाच, पण इंजिन पेट घेत नाही. इथे बॅटरी बदलून काहीही होणार नाही. इंधन, ठिणगी, डिझेलचे ग्लो प्लग (सिलिंडर आधी तापवणारे) आणि सेन्सर ही मंडळी तपासायची.

शंका असेल तर केबिनमधला दिवा लावून किल्ली फिरवा. दिवा विझल्यासारखा मंद झाला तर ताकदीचा प्रश्न आहे. तसाच प्रखर राहिला आणि सेल्फ हललाच नाही तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही.

बॅटरी: थंडी तिला मारत नाही, उघडी पाडते

लेड-अ‍ॅसिड बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि आतला रोध वाढतो. शून्य अंशाला उपलब्ध क्षमता साधारण पाचव्या हिश्शाने घटते, उणे १८ च्या आसपास ती निम्म्यावर येते. नेमकं त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. पुरवठा घटतो, मागणी वाढते, आणि जी बॅटरी उन्हाळ्यात जेमतेम भागवत होती ती इथे हात टेकते.

हा "जेमतेम" शब्द महत्त्वाचा आहे. बॅटरीचं आयुष्य खरं तर उष्णता खाते. बॉनेटखालच्या उन्हाळी तापमानात प्लेटा गंजतात, पाणी उडतं. पण गरमीत इंजिन सहज फिरत असल्यामुळे हे नुकसान कळत नाही आणि बिल हिवाळ्यात येतं. म्हणून बॅटरीची खरी तपासणी उन्हाळा संपल्यावर, थंडी सुरू होण्याच्या आधी करावी. तीन वर्षं ओलांडलेल्या बॅटरीच्या बाबतीत मी हे ऐच्छिक मानत नाही.

पहिलं मोजमाप म्हणजे स्थिर व्होल्टेज. पहाटे बॉनेट उघडा, गाडीचं दार लावून घ्या आणि थोडा वेळ थांबा, कारण दार उघडताच दिवे आणि कंट्रोल युनिट (गाडीतले छोटे संगणक) जागी होऊन आकडा खाली ओढतात. मग बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांवर मीटर टेकवा. १२.६ व्होल्ट किंवा जास्त म्हणजे पूर्ण चार्ज. १२.४ म्हणजे सुमारे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पावच शिल्लक. प्रवासाहून आल्या आल्या मोजलं तर १२.८ किंवा १३ सुद्धा दिसेल; तो वरवरचा चार्ज असतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत बोलकं मोजमाप: मीटर तसाच लावून ठेवा आणि कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा किती खाली जातो ते पाहा. १० व्होल्टच्या वर राहिला तर बॅटरी भक्कम आहे. ९.६ च्या खाली जायला लागला की संशय घ्यायचा, अर्थात हा आकडा २० अंशांच्या आसपासचा आहे. शून्याजवळ ९.१ पर्यंतची घसरण चालते. त्याखाली मात्र नाही. स्थिर व्होल्टेज १२.५ आणि सेल्फ मारताना ८, असा फरक दिसला तर बॅटरी चार्ज आहे पण तिच्यात दम उरलेला नाही. अशी बॅटरी चार्जरला लावून दिवस ढकलता येतात, पण पुढची कडक थंडी ती काढणार नाही.

नवी घेताना अँपिअर-अवरच्या आकड्याबरोबर सीसीए नावाचा आकडा पाहा. उणे १८ अंशांना, ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता बॅटरी किती अँपिअर देऊ शकते, याचं ते माप आहे. थंडीत कामाला येतो तो हाच आकडा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिला असेल त्याहून कमी सीसीएची बॅटरी केवळ बसते म्हणून घेऊ नका. सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिला ईएफबी किंवा एजीएम प्रकारचीच, वारंवार सुरू-बंद सोसणारी बॅटरी लागते. साधी टाकली तर ती लवकर दगा देते. शिवाय अशा बऱ्याच गाड्यांमध्ये नवी बॅटरी टाकल्यावर स्कॅनरने संगणकात तिची नोंद करावी लागते. नाही केली तर संगणक तिला जुनीच समजून त्याप्रमाणे चार्ज करत राहतो.

नवी बॅटरी टाकूनही महिन्याभरात तेच

लोक सगळ्यांत जास्त वैतागतात ते इथे, म्हणून यावर जरा थांबतो. नवी बॅटरी पुन्हा उतरत असेल तर तीन शक्यता असतात: ती भरली जात नाही, रात्री कोणीतरी तिला रिकामी करतं, किंवा ती भरलेली असूनही तिची वीज सेल्फपर्यंत पोचत नाही.

भरली जाते का हे पाहणं सोपं आहे. इंजिन चालू असताना खुंट्यांवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर एकदम लावल्यावरही तो आकडा १३ च्या खाली घसरू नये. नव्या गाड्यांत अल्टरनेटरचं (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारं यंत्र) व्होल्टेज संगणक कमीजास्त करतो, त्यामुळे एका आकड्यावरून निकाल देऊ नका, काही मिनिटं पाहा. आणि अल्टरनेटर उत्तम असला तरी तुमचा रोजचा प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा असेल, त्यात हीटर, दिवे, वायपर सगळं चालू, तर सेल्फने खाल्लेली वीज पूर्ण परत जातच नाही. थंड बॅटरी चार्जही सावकाश घेते. अशा वापरात आठवड्यातून एकदा लांबचा फेरा मारा किंवा घरी चांगल्या चार्जरला रात्रभर लावा. यात दोष कुणाचाच नसतो, तरी गाडी उभी राहते ती याच कारणाने.

रात्रीची गळती शोधायला जरा धीर लागतो. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर तिची कंट्रोल युनिट लगेच झोपत नाहीत; अर्धा तास, कधी त्याहून जास्त लागतो. बॉनेट उघडं ठेवा, लॅच स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला म्हणजे गाडीला बॉनेट लावल्यासारखं वाटेल. निगेटिव्ह केबल आणि खुंटी यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा आणि वाट पाहा. या वेळात चुकूनही सेल्फ मारू नका, मीटर जळेल. सगळं झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत आकडा आला तर ठीक. हिशोब करून पाहा: ४० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळपास १ अँपिअर-अवर, तेवढं चालून जातं. ४०० मिलिअँपिअर असतील तर दिवसाला सुमारे १० अँपिअर-अवर जातात, आणि ४५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन-तीन दिवसांत निम्म्यावर येते. थंडीत निम्मी बॅटरी म्हणजे पहाटेची चालढकल ठरलेली.

गळती सापडली की फ्यूज एकेक उपटण्याचा मोह होतो, पण फ्यूज काढून पुन्हा लावला की युनिट जागी होतात आणि सगळा अंदाज चुकतो. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना टेकवा. ज्या फ्यूजमधून वीज वाहते आहे तिथे थोडे का होईना मिलिव्होल्ट दिसतील. दोषी बहुधा नंतर बसवलेल्या वस्तूच निघतात: थेट बॅटरीला जोडलेला डॅशकॅम, बाहेरून लावलेली म्युझिक सिस्टिम, ट्रॅकर, ओबीडीत कायम खोचलेलं यंत्र. डिकीचा किंवा ग्लोव्ह बॉक्सचा दिवा झाकण लावल्यावर विझतो का तेही पाहा. फोनचा व्हिडिओ चालू करून आत ठेवला की समजतं.

तिसरी शक्यता, केबल आणि अर्थिंगची, गॅरेजमध्ये सर्रास वगळली जाते. सेल्फ मारताना २०० अँपिअर सहज वाहतात. जोडणीत ०.००५ ओहम इतका, साध्या मीटरला दिसणारही नाही असा रोध असला तरी त्या ठिकाणी १ व्होल्ट वाया जातो. म्हणून रोध मोजू नका, सेल्फ मारताना वाया जाणारे व्होल्ट मोजा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टच्या आसपास असेल तर छान, ०.५ च्या पुढे गेला तर अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं घासून चकचकीत करा किंवा पट्टीच बदला. तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फवरचा जाड बोल्ट, इथेही ०.५ ची मर्यादा धरा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी विणलेली पट्टी खालून गंजून तुटायला आलेली असते आणि वरून दिसत नाही. तीन बॅटऱ्या बदलूनही न सुटलेला त्रास या एका पट्टीने सुटू शकतो.

टर्मिनलवर पांढरी-निळी भुकटी जमली असेल तर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, ब्रशने घासा, कोरडं करा. लावताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवा.

ऑइल

ऑइलच्या डब्यावरचा पहिला आकडा थंडीसाठी असतो. एसएई जे३०० या मानकात इंजिन फिरवतानाचा दाटपणा ०डब्ल्यू ऑइलसाठी उणे ३५ अंशांना, ५डब्ल्यूसाठी उणे ३० ला, १०डब्ल्यूसाठी उणे २५ ला आणि १५डब्ल्यूसाठी उणे २० ला तपासतात. त्यामुळे १५डब्ल्यू-४० घातलेल्या इंजिनाला कडाक्याच्या थंडीत सेल्फने फिरवणं जड जातं, तेच ५डब्ल्यू-३० ने बरंच हलकं होतं. पण मनाने बदलू नका. मॅन्युअलमध्ये बाहेरच्या तापमानानुसार चालणाऱ्या ऑइलचा तक्ता असतो. त्यात परवानगी असलेल्यांपैकी सगळ्यांत लहान पहिला आकडा निवडा.

हिवाळ्यात ऑइल भरण्याच्या झाकणाखाली पांढरट, फेसाळ थर दिसला की अनेक जण घाबरतात. लहान-लहान फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, आतला दमटपणा तिथे जमतो. कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी स्थिर असेल आणि डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर एखादा लांब प्रवास हा त्यावरचा उपाय. पातळी सतत उतरत असेल तर मात्र हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) तपासून घ्या.

सेल्फ जोमात, पण इंजिन पेटत नाही

पेट्रोल गाडीत माझा पहिला संशय कूलंट तापमानाच्या सेन्सरवर असतो. थंड इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं, आणि किती जास्त ते संगणक या सेन्सरवरून ठरवतो. सेन्सरने बाहेर शून्य असताना ४० अंश सांगितले तर मिश्रण पातळ राहतं आणि इंजिन पेट घेत नाही. गंमत म्हणजे दुपारी सेन्सर आणि खरं तापमान जवळ येतात आणि दोष गायब होतो. पकडण्याची रीत सोपी आहे: रात्रभर उभ्या गाडीत पहाटे इग्निशन चालू करून, सेल्फ न मारता, स्कॅनरवर कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान पाहा. दोन्ही एकमेकांच्या आणि बाहेरच्या हवेच्या अगदी जवळ असायला हवेत. दहा-पंधरा अंशांचा फरक दिसला तर सेन्सर किंवा त्याचा कनेक्टर दोषी. एरर कोड आलेला नसला तरीही, कारण "चुकीचं पण शक्य" असं तापमान संगणकाला बहुतेक वेळा खटकत नाही.

पुन्हा पुन्हा सेल्फ मारून पेट्रोलचा वास यायला लागला तर प्लग भिजले आहेत. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारला की संगणक पेट्रोल बंद करतो आणि सिलिंडर कोरडे होतात. इंजिन पेटल्यासारखं वाटलं की पाय हळूहळू सोडा. कोणत्याही गाडीत एका वेळी दहा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नका, मधे अर्धा-एक मिनिट थांबा. सेल्फ तापतो आणि बॅटरीलाही सावरायला वेळ लागतो. बराच वेळ उभ्या गाडीत पंपाचा दाब उतरला असेल तर किल्ली "ऑन" करून दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, पुन्हा "ऑन" करा, आणि मग सेल्फ मारा. याने फरक पडला तर रात्री इंधनाचा दाब कुठेतरी गळतो आहे हे कळलं.

डिझेलची गोष्ट निराळी. तिथे ठिणगी नाही, दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटतं, आणि थंड सिलिंडर ती उष्णता शोषून घेतो. म्हणून ग्लो प्लग. डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबा. कडक थंडीत एक फेरी पुरली नाही तर किल्ली बंद करून पुन्हा "ऑन" करा. गाडी सुरू होते पण पहिलं अर्धं मिनिट थरथरते आणि पांढरा धूर सोडते, तर एखादा ग्लो प्लग मेलेला आहे. कनेक्टर काढून प्रत्येक प्लगचा टोक ते इंजिन असा रोध मोजा: चांगला प्लग सहसा ०.५ ते २ ओहम दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. बॅटरीला थेट जोडून लाल होतो का हे पाहण्याची जुनी पद्धत नव्या गाड्यांत वापरू नका. त्यातले अनेक प्लग १२ व्होल्टपेक्षा बऱ्याच कमी व्होल्टेजचे असतात आणि तिथल्या तिथे जळतात. प्लग काढायचाच असेल तर इंजिन गरम असताना, सावकाश. हेडमध्ये मोडला तर काम फार वाढतं.

इंधनाचाही प्रश्न असतो. डिझेलमध्ये पॅराफिन मेण असतं. थंडीत आधी ते ढगाळ दिसायला लागतं, मग मेणाचे कण फिल्टर बुजवतात. गाडी सुरू होते, थोडी चालते आणि दम तोडते, हे त्याचं ठळक लक्षण. उबदार प्रदेशात भरलेली टाकी घेऊन कडक थंडीत गेलात तर हे हमखास होतं. म्हणून थंड भागात पोचण्याआधी टाकी बरीच रिकामी करून तिथलं हिवाळी डिझेल भरा. मेण न जमू देणारं अ‍ॅडिटिव्ह आधीच टाकायचं असतं. एकदा फिल्टर बुजला की त्याचा उपयोग नाही, मग गाडी उबदार जागी न्यायची आणि फिल्टर बदलायचा. डिझेलमध्ये रॉकेल किंवा पेट्रोल मिसळण्याचा जुना तोडगा आजच्या कॉमन रेल (फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनात करू नका. त्या पंपाला वंगण डिझेलच पुरवतं. हिवाळ्याआधी फिल्टरमधलं पाणी मात्र नक्की काढा, तेच आधी गोठतं. एक्झॉस्टसाठीचं युरियाचं द्रावण उणे ११ अंशांना गोठतं, पण त्याने इंजिन सुरू व्हायचं अडत नाही. टाकीतला हीटर ते वितळवतो.

हीटर गार, काटा वर चढत नाही

कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. "जास्त ग्लायकॉल म्हणजे जास्त संरक्षण" हा समज चुकीचा आहे: शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. दोन्ही एकत्र असतात तेव्हाच गोठणबिंदू इतका खाली जातो, आणि ७० टक्क्यांच्या पुढे गेलं की संरक्षण उलट कमी व्हायला लागतं. उन्हाळ्यात कुणी साधं पाणी टॉप-अप करत राहिलं असेल तर खरा धोका आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, रेडिएटर फुटतो, वाईट नशिबात इंजिन ब्लॉकला तडा जातो. रेफ्रॅक्टोमीटरवर (द्रवाचं मिश्रण तपासायचं छोटं उपकरण) एक थेंब टाकला की गोठणबिंदू कळतो. कूलंटच्या रंगावरून काहीही कळत नाही. रंग सारखा म्हणून दोन प्रकार मिसळू नका, त्याचा गाळ होऊ शकतो. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका. सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका, कारण ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असतं, कुत्री-मांजरं चाटतात.

कूलंट पुरेसं असूनही तापमानाचा काटा मधोमध येत नसेल, किंवा हायवेवर उलट खाली येत असेल, तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे न जाऊ देणारी झडप) उघडाच अडकला आहे. त्याचा एरर कोड बहुधा पी०१२८ असा येतो. लोक हे चालवून घेतात, पण इंजिन सतत थंड राहिलं की इंधन जास्त जातं, ऑइल खराब होतं आणि काचेवरचं दव निघत नाही. काटा ठीक आणि हवा गार असेल तर हीटरचा छोटा रेडिएटर बुजला आहे किंवा आत हवा अडकली आहे. त्याच्याकडे जाणाऱ्या आणि येणाऱ्या नळ्यांना हात लावून पाहा, एक गरम आणि दुसरी गार असेल तर तिथेच अडथळा आहे.

काच, दारं, ब्रेक, टायर

काच आतून धुरकट होत असेल तर एसी चालू ठेवून गरम हवा सोडा आणि आतली हवा फिरवण्याचं बटण बंद करा. एसी हवेतला दमटपणा काढतो, थंडीतही. रोजच असं होत असेल तर पायाखालचे मॅट ओले आहेत का आणि केबिन फिल्टर तुंबला आहे का पाहा. बर्फ काढायला काचेवर गरम पाणी ओतू नका, तडा जातो. गाडी बंद करण्याआधी वायपर बंद करा. पाती काचेला चिकटलेली असताना किल्ली फिरवली तर फ्यूज उडतो किंवा मोटार जाते. वॉशरच्या टाकीत साधं पाणी ठेवू नका, गोठून पंप फुटतो. आणि तिथे इंजिनचं कूलंट तर नकोच, काच तेलकट होऊन समोरचं दिसत नाही.

दाराच्या रबराला सिलिकॉन लावा. हँडब्रेक ओल्या थंडीत ओढून ठेवला तर केबल किंवा ड्रम गोठून मागची चाकं अडकतात. सपाट जागी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवून चाकांना ठोकळे लावणं बरं.

टायरची हवा दर पाच-सहा अंशांच्या घसरणीला सुमारे १ पीएसआय उतरते. पहाटे टायरच्या हवेचा दिवा लागतो आणि गाडी चालल्यावर विझतो, त्याचं कारण हेच. पंक्चर शोधत बसू नका, थंड टायरमध्येच हवा भरून घ्या. तापमान कायम ७ अंशांच्या खाली राहत असेल तर साध्या टायरचं रबर कडक होतं. बर्फावर तर चारही हिवाळी टायर हवेत, दोनच लावले तर वळणावर गाडी फिरते. बाजूवर तीन शिखरं आणि हिमकणाचं चिन्ह असेल तरच तो खरा हिवाळी टायर; नुसतं एम+एस (चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही.

जंप देताना

बॅटरी फुगलेली किंवा आतलं द्रव गोठलेलं दिसलं तर जंप (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून वीज) देऊ नका, ती फुटू शकते. पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ च्या आसपासही गोठते, तर पूर्ण भरलेली उणे ५० लाही गोठत नाही. हिवाळ्यात बॅटरी उतरलेली न ठेवण्याचं हे आणखी एक कारण. क्रम असा: लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, शेवटच्या जोडणीची ठिणगी तिच्याजवळ नको. पाच-दहा मिनिटं चार्ज होऊ द्या, मगच सेल्फ मारा.

सुरू झाल्यावर अर्धा-एक मिनिट थांबून हळू निघा. उभ्या गाडीपेक्षा चालती गाडी लवकर तापते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका. बर्फात अडकून गाडी चालू ठेवावी लागली तर आधी सायलेन्सरचं तोंड मोकळं करा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

गॅरेजला देताना

एवढं करूनही कारण सापडलं नाही तर गाडी सकाळी चालवत नेऊ नका. तिथे पोचेपर्यंत इंजिन गरम होतं आणि बिघाड लपतो. आदल्या संध्याकाळी नेऊन बाहेर उभी करायला सांगा आणि पहिला सेल्फ मेकॅनिकने स्वतः, मीटर आणि स्कॅनर लावून मारावा असा आग्रह धरा. सोबत एक कागद द्या: पहाटेचं बाहेरचं तापमान, स्थिर व्होल्टेज, सेल्फ मारतानाचं सगळ्यांत कमी व्होल्टेज, निगेटिव्ह बाजूला वाया गेलेले व्होल्ट, स्कॅनरवरची दोन तापमानं, आणि सेल्फ मारतानाचा आवाज फोनवर रेकॉर्ड केलेला. हे हातात असलेला मेकॅनिक अंदाजाने पार्ट बदलायला सुचवणार नाही, आणि सुचवलाच तर कोणत्या आकड्यावरून, हे तुम्ही विचारू शकता.